ऑप्शनला टाकलेली कविता

जयभीम.

मी, श्रीमती द्रौपदी यादव भालेराव, वय वर्षे एकाहत्तर, धर्म बौद्ध, सेवानिवृत्त माध्यमिक शिक्षिका, विषय मराठी, राहणार निजामपुरा, भिवंडी, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि पूर्ण शुद्धीत राहून लिहून ठेवत आहे. शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्यापूर्वी डॉक्टरांनी मला आजची तारीख विचारली, पंतप्रधान विचारले आणि शंभरातून सात-सात वजा करत खाली यायला सांगितले. मी म्हटले, त्यापेक्षा एक लांबलचक कविता न अडखळता म्हणून दाखवते, पाचवीत असताना पाठ केलेली आहे. ते हसले आणि म्हणाले, "नको आजी, ते यात धरत नाहीत." तेव्हा माझी बुद्धी शाबूत असल्याचे वजाबाकीने सिद्ध झालेले आहे. ज्याला शंका असेल त्याने डॉक्टरांना भेटावे.

मजकूर माझा आहे. वकीलसाहेबांनी छापील नमुना आणला होता, तो मी परत केला. ते म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात तक्रारी घालत नाहीत." मी म्हटले, माझ्याकडे द्यायला तेवढ्याच जास्त आहेत. बिचारे गप्प बसले. वकील गप्प बसला की त्याच्या फीचे चीज होते.

१. यापूर्वी माझे पती हयात असताना मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात माझ्या घराची माडी, मी जिथे नोकरी केली त्या शाळेला दिली होती. तिथे फक्त कविता वाचली जावी, शिकवली जावी, पाठ केली जावी, अशी अट होती. ते मृत्युपत्र मी आज संपूर्ण रद्द करत आहे. शाळेला माडी मिळणार नाही. का मिळणार नाही ते पुढे येईल. मग ती कोणाला द्यायची, हा एकच प्रश्न या कागदात खरा आहे. बाकीचे सगळे वाटायला पाच मिनिटे लागतील.

२. माझे पती यादव भालेराव हे पॉवरलूमवर जॉबर होते, म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करून चालू करून देणारे. ते दोन वर्षांपूर्वी वारले. माझ्या मागे मुलगी धम्मदिना, जी कल्याणला एका इंग्रजी शाळेत मराठी शिकवते. मुलगा विकी, जो वडप्याच्या एका मोठ्या गोदामात शिफ्ट सुपरवायझर आहे. आणि विकीची मुलगी रिया, वय वीस, जी फिजिओथेरपी शिकते. मुलाचे नाव मी सुमेध ठेवणार होते. वडिलांनी परस्पर विकी लिहून आणले, कारण लूमच्या आवाजात हाक मारायला ते सोपे. घरातल्या मराठीच्या बाईचे म्हणणे पहिल्यांदा ऑप्शनला पडले ते तेव्हा.

घराचा तळमजला पतीच्या वडिलांपासून आलेला. तो विकीला. त्याने तिथे राहावे, सुनेला त्रास देऊ नये, आणि मागच्या मोरीचा नळ आता तरी बदलावा.

३. बँकेतली ठेव व माझ्या अंगावरचे सोने दोन्ही मुलांना निम्मे-निम्मे. यावर जास्त शाई घालवत नाही. लोक मृत्युपत्रे एवढ्यासाठीच करतात, पण माझ्या बाबतीत ही सर्वांत कमी भांडणाची गोष्ट आहे.

४. पतीची पान्यांची पेटी, पक्कड, हातोड्या व सर्व हत्यारे विकीला. त्याला यातले एकही वापरता येत नाही. पण या गल्लीत त्या पेटीला जो मान होता तो त्याला ठाऊक असावा. अर्ध्या जेवणावरून माणसे त्यांना उठवून न्यायची, "यादवभाई, पाना दे दो, लूम बंद पड़ा है।" रमजानचा महिना असो की भीमजयंती, पेटी कोणाच्या ना कोणाच्या शेडमध्ये असायची आणि साफ पुसून परत यायची. त्याच घरात, त्याच भिंतीला लागून माझे पुस्तकांचे कपाट होते. त्यातले एकही पुस्तक कोणी मागायला आले नाही. मला पतीच्या पेटीचा राग नाही. लूम बंद पडला तर चूल बंद पडते, हे मलाही कळते. पण पाना देणारा आणि कविता देणारी एकाच दारात उभे असताना लोक कोणाकडे बघून बोलतात, हे मी बघितलेले आहे.

नाही म्हणायला बायका यायच्या, उखाण्यांसाठी. "बाई, नवऱ्याचं नाव भावेश हाय, त्यात काहीतरी बसवून द्या ना." मी द्यायची. एकदा तर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या बॅनरसाठी चार ओळी लिहून दिल्या आणि त्या बॅनरवर पुढारी, त्याचे कार्यकर्ते आणि कार्यकर्त्यांचा कुत्रा एवढ्या सगळ्यांचे फोटो आले, माझे नाव नाही आले. आता तेही थांबले. उखाणे मोबाइल बनवून देतो. त्यामुळे या शहराला कवयित्रीची असलेली शेवटची गरजही भागलेली आहे.

५. माडी. ही मी निवृत्तीनंतर माझ्या प्रॉव्हिडंट फंडातून बांधली. पतीने एकदाही विचारले नाही की कशाला. जिना बाहेरून ठेवला, म्हणजे पोरांना घरातून यावे लागू नये. दर रविवारी सकाळी कवितेचा वर्ग, फुकट.

पहिल्या महिन्यात बसायला जागा नव्हती. मग कळले की आयांना ती शिकवणी वाटत होती. वडप्याहून मैना भोईर आपल्या रीमाला रिक्षाने घेऊन यायची. तिने एकदा जिन्यात मला गाठले.

"बाई, पोरगी घरात कविता म्हनत बसते नि मोबाइल मांगत न्हाय. माना बरा वाटतं. पन मार्कं कवा येतील?"

"मार्कांसाठी नाही हो ते."

"मंग कशासाठी हाय?"

मी तिला जे सांगितले ते मलाच पुस्तकी वाटले. तिने मान डोलावली, पुढच्या रविवारी रीमा आली नाही. मैनाचा यात काही गुन्हा नाही. जमीन गोदामाला गेली, नवरा गोदामात वॉचमन झाला, पोरीच्या मार्कांवर तिचा सगळा डाव लागलेला. तिने सरळ प्रश्न विचारला आणि मराठीच्या बाईला सरळ उत्तर आले नाही. मग एकेक करत "बाई, ग्रामर घेता का?" असे विचारत बाकीचे गेले. शेवटी दोन मुली उरल्या. त्यांतली एक पंख्यासाठी येत होती.

शाळेत वेगळे काय होते? कवितेचा तास पहिल्यांदा गणिताच्या जादा तासाला दिला गेला, मग स्नेहसंमेलनाच्या तालमीला, मग आधार कार्डाच्या कॅम्पला. कवितेवरच्या प्रश्नाला शिकवणीवाल्यांनी एक उत्तर तयार करून दिले. "ही कविता मला खूप आवडली, कारण तिची भाषा साधी, सोपी व ओघवती असून ती मनाला भिडते." कविता दुष्काळावर असो, आईवर असो की मेलेल्या बैलावर, सगळ्या वर्गाच्या मनाला त्याच एका वाक्यात भिडायची. तपासताना माझा हात दुखायचा नाही, डोळे दुखायचे. आणि ज्यांना तेवढेही पाठ करायचे नव्हते त्यांना सांगितले जायचे, कविता ऑप्शनला टाका. जाहिरात लिहा, निबंध पक्का करा, कविता सोडली तरी पास होता. हे खोटे नव्हते, म्हणूनच कोणाला वाईट वाटले नाही.

तरीही मी माडी शाळेला द्यायला निघाले होते. माणसाला आपले आयुष्य कुठेतरी ठेवून जायचे असते. गेल्या वर्षी नवीन मुख्याध्यापक नेमले गेले ते प्रितम मढवी. माझा विद्यार्थी. मला वाटले, आता तर काम झाले. पेढे घेऊन गेले. त्याने उभे राहून खुर्ची दिली, वाकून नमस्कार केला, शिपायाला सांगितले की या आपल्या बाई आहेत, चांगला चहा आण. मी माडीचे सांगितले. त्याचे डोळे खरोखर भरून आले.

"बाई, द्याच. नक्की द्या. नाव तुमचंच देऊ, मोठा बोर्ड लावू. स्कॉलरशिपच्या बॅचला जागाच नाहीये आपल्याकडे."

"अरे, कवितेसाठी देतेय मी."

"हो, ते पण करू ना. मराठी दिनाला करू की एक प्रोग्रॅम."

"वर्षातून एकदा?"

"बाई, मी खोटं कशाला बोलू. पालक विचारतात, स्कॉलरशिपला किती बसले, किती लागले. कवितेचं मला आजवर एकाने विचारलेलं नाही."

मी म्हटले, "प्रितम, तुला दोन वर्षं मराठी मी शिकवलंय."

तो हसला. अगदी प्रेमाने हसला. "बाई, कविता तर मी ऑप्शनलाच टाकली होती. तरी मराठीत शाळेत दुसरा आलो. तुमच्यामुळेच."

चहा चांगला होता. मी पूर्ण प्यायले. जिना उतरताना माझ्या लक्षात आले की त्याने माझा अपमान केलेला नाही, तो माझे आभार मानत होता. अपमान केला असता तर मी भांडले असते. त्याच संध्याकाळी मी वकीलसाहेबांना फोन केला.

६. माडीवर दुसरा दावा विकीचा. तो तोंडाने बोलून दाखवलेला आहे. "मम्मी, खालचं मला, वरचं पण मला. ताईला पैसे देऊन टाक, फिनिश. वर पार्सलचं छोटं हब टाकू, बाहेरून जिना हायच. रिकामी रूम म्हणजे लॉस." विकी वाईट मुलगा नाही. ड्युटीवरून आला की माझ्या गोळ्या आधी बघतो, मग बूट काढतो. पण त्याच्या गोदामात चपलेचा एक जोड सापडेना झाला तर तीन माणसे कॅमेरे तपासतात, आणि आमच्या शाळेतून कवितेचा अख्खा तास गेला तो कुठे गेला हे कोणी तपासले नाही. त्याच माडीत मी पार्सले रचू देणार नाही. विकीने हे मनाला लावून घेऊ नये.

तिसरा दावा धम्मदिनाचा. तिने तो केलेला नाही, पण मराठीची शिक्षिका म्हणून तिला वाटत असणार. तिच्या शाळेत मराठी ही तिसरी भाषा. मी विचारले, कविता कशी घेतेस? म्हणाली, "मम्मी, पीपीटीवर. चित्रं टाकते, व्हिडिओ टाकते, मुलं एन्जॉय करतात."

"मुलांकडून म्हणवून घेतेस का मोठ्याने?"

"मोठ्याने म्हटलं की हसतात गं."

तिला हसण्याची भीती वाटते. भिवंडीत वाढलेल्या मुलीला. इथे शेजारी लूम चालू असताना दूधसुद्धा ओरडून मागावे लागते, कविता तर ओरडूनच वाचावी लागते; मी तिला मांडीवर घेऊन तशीच वाचली. माझ्या कवितांचे छपाईचे व इतर सर्व हक्क धम्मदिनाला देते. त्यांना बाजारात काही किंमत नाही, म्हणून तिने त्यांचे काय करावे हे मी सांगत नाही. चित्रे टाकू नयेत एवढेच.

७. माझ्याजवळ असलेल्या सर्व शाली, सन्मानचिन्हे व पुष्पगुच्छांचे वाळके सांगाडे श्री. चांगदेव केणे यांना परत करावेत. चांगदेवभाऊ आमच्या शहरातले कविसंमेलनांचे आयोजक. माझ्या एकमेव संग्रहाचे प्रकाशन त्यांच्याच हस्ते झाले. त्यांची पद्धत अशी की साहेबांच्या वाढदिवसाला कविसंमेलन ठेवायचे, कवींना चारला बोलवायचे, साहेब आठला येणार. तोवर माइक बंद. साहेब आले की त्यांचा सत्कार, मग त्यांच्या मुलाचा सत्कार, मग कवींना म्हणायचे, "वेळेअभावी प्रत्येकाने दोनच मिनिटे." एकदा मी दोन मिनिटांत एक कडवे वाचून बाकीची कविता तशीच हातात घेऊन खाली उतरले. कोणाच्या लक्षात आले नाही, टाळ्या पूर्ण कवितेच्या पडल्या.

माझे शेजारी मोमीनसर, उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, यांच्याजवळ मी एकदा मन मोकळे केले. आमच्या गल्लीत मुशायरा असला की माणसे पहाटेपर्यंत मांडी घालून बसतात, आणि मी माझ्या खिडकीत बसून मत्सराने जळायची. ते म्हणाले, "बहनजी, जलिए मत। अब वहाँ भी लोग शेर कम, लतीफ़े ज़्यादा सुनते हैं। और नेताजी का इंतज़ार हमारे यहाँ भी होता है।" तिथेही आता शेरांपेक्षा विनोद जास्त चालतात हे ऐकून मला बरे वाटायला हवे होते. नाही वाटले. दुसऱ्याचेही घर गळते म्हणून आपले कोरडे होत नाही.

शाली सगळ्या एकाच रंगाच्या आहेत. चांगदेवभाऊंनी त्या पुढच्या कवींना द्याव्यात. नव्या घेण्याचा खर्च वाचेल.

८. मी गेल्यावर माझे पुण्यानुमोदन विहारात साधेपणाने करावे. भन्ते जे सांगतील ते करावे, जेवण चांगले द्यावे. मोबाइलवर आलेली कोणतीही कविता कोणीही वाचू नये. याचे कारण लिहिणे मला भाग आहे.

माझ्या पतीच्या पुण्यानुमोदनाला विकी उभा राहिला. कधी चार लोकांत न बोललेला मुलगा, बापासाठी उभा राहिला. खिशातून मोबाइल काढून म्हणाला, "एका मोठ्या कवींची कविता आलेली ग्रुपवर. पप्पांना एकदम लागू होते म्हणून वाचतो." आणि त्याने वाचले:

तो येतो, भिंतीला टेकतो, म्हणतो, वाच.
तुझी ओळ ऐकल्याशिवाय माझी ड्युटी सुटत नाही.

कविता माझी होती. तीस वर्षांपूर्वी त्याच्या बापावर लिहिलेली, माझ्या संग्रहात छापलेली. आणि तो संग्रह आमच्या घरात गठ्ठ्यांनी पडून होता. ज्या कवींचे नाव त्याने घेतले ते मी इथे लिहीत नाही, त्यांचा काही दोष नाही, ते बिचारे हयातही नाहीत. वरची सगळी कविता कोणीतरी कापून टाकली होती आणि शेवटचे कडवे तेवढे त्यांच्या फोटोखाली चिकटवून सोडून दिले होते. विहारातल्या बायका पदराने डोळे पुसत होत्या. सून रडत होती. चांगदेवभाऊ माझ्याजवळ आले, हात जोडले आणि म्हणाले, "वहिनी, अशी ओळ आता कोण लिहितो?"

मी म्हटले, "हो ना."

आणखी काय म्हणणार होते? नवऱ्याच्या फोटोसमोर उभी राहून ही माझी आहे, ही माझी आहे, असे ओरडणारी बाई कशी दिसली असती? पण मला त्या दिवशी नवऱ्याचे आणि कवितेचे, दोघांचे दुःख झाले, आणि त्यातले एक मला कोणाला सांगता आले नाही.

९. रिया. गेल्या महिन्यात, दिवाळीच्या सुट्टीत, ती माडी आवरायला वर गेली. बापानेच पाठवले होते, हबसाठी जागा मोजायची म्हणून. न खपलेल्या प्रतींचे गठ्ठे सोडताना तिने एक उघडली. माझ्या नातीचे सगळे शिक्षण इंग्रजीत. मराठी ती ओळीखाली बोट धरून वाचते, जोडाक्षर आले की थांबते. मी चहा घेऊन वर गेले तेव्हा ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती.

"आजी, पप्पांनी वाचलेली ती कविता तुझ्या बुकमध्ये कशी?"

"माझी आहे म्हणून."

"मग पप्पांनी दुसऱ्याचं नाव का घेतलं?"

"त्याच्याकडे आली तशी वाचली त्याने."

तिने पान मागे उलटले. पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली. मी तिथेच उभी राहिले. इतक्या वर्षांत या घरातल्या एका माणसाने माझी कविता वाचून, वा, म्हणावे याची मी वाट बघत होते, हे मी लपवत नाही. चहा निवत होता. तिने पुस्तक मांडीवर ठेवले.

"मला नाही आवडली. म्हणजे वरची भारी आहे. ते 'भिंतीपलीकडे लूम, भिंतीअलीकडे मी' वगैरे. एंड नाही आवडला."

"का?"

"आजोबा असं बोलायचे? त्यांना टीव्ही फुल आवाजावर लागायचा आजी. तू बोलायचीस ते त्यांना कुठे ऐकू यायचं? हे तू लोकांना रडवायला टाकलंयस."

"मग काय म्हणाले असते ते?"

"जेवायला वाढ म्हणाले असते."

मला राग आला. मी तिला म्हटले, तुला अजून जोडाक्षर वाचता येत नाही, तू मला कविता शिकवू नकोस. ती खाली निघून गेली. दोन दिवस आम्ही बोललो नाही. विकीने विचारले, काय झालं? ती म्हणाली, "काही नाही, पोएम नाही आवडली म्हटलं म्हणून आजी रुसली." विकीला वाटले ती चेष्टा करते आहे. कवितेवरून भांडण होऊ शकते हे त्याला पटेना.

मग रागाच्या तळाशी बघितले. पतीच्या कानांत लूम बसला होता तो लग्नाआधीपासूनच. ही कविता मी लिहिली तेव्हा त्यांना पाठीमागून दिलेली हाक येत नव्हती. ते कधी "वाच" म्हणाले नाहीत. त्यांनी म्हणावे असे मला वाटे, म्हणून मी त्यांच्या तोंडी घातले, आणि सगळ्या कवितेतले तेवढेच लोकांनी उचलले. मी जन्मभर शाळेला, शिकवणीवाल्यांना, पुढाऱ्यांना, मोबाइलला बोल लावला. ते सगळे बोल मी कायम ठेवते आहे, त्यातला एकही मागे घेत नाही. पण गोड खोटे बोलून टाळ्या घ्यायचा धंदा आम्ही कवींनीही केला, आणि लोकांनी आमची तेवढीच किंमत केली असेल तर तक्रार अर्धीच उरते.

माझी माडी, बाहेरच्या जिन्यासह, मी माझी नात रिया विकी भालेराव हिला कायमची व पूर्ण मालकी हक्काने देत आहे. कवितेची अट घालत नाही. तिला तिथे फिजिओथेरपीचे सेंटर काढायचे आहे, तिने मला तसे स्पष्ट सांगितले आहे. तिथे लूमवर पाठी मोडलेली माणसे येतील आणि झोपून व्यायाम करतील. कविता कोणी वाचणार नाही हे मला माहीत आहे. तरी तिलाच देते, कारण माझ्या उभ्या आयुष्यात माझी कविता चुकू शकते असे समजून ती वाचणारी ही एकटी भेटली. बाकी सर्वांनी एक तर ती आवडून घेतली, नाही तर ऑप्शनला टाकली.

१०. वकीलसाहेबांचे म्हणणे आहे की पुढील कलमाला कायद्यात जागा नाही. मी त्यांना म्हटले, कवितेला कुठेच नाही, इथे निदान दोन साक्षीदार आहेत. साक्षीदार बाळाराम तरे, ज्यांची आमच्या कोपऱ्यावर पिठाची गिरणी आहे, त्यांनीही विचारले, "बाई, कवितेचा कडवा रद्द करायला पन दोन सह्या लागतात काय?" लागतात.

वर कलम आठमध्ये दिलेले माझ्या कवितेचे शेवटचे कडवे मी आज रद्द करत आहे. ती कविता यापुढे कोणी छापली, वाचली, शिकवली किंवा ग्रुपवर पाठवली, माझ्या नावाने किंवा दुसऱ्या कोणाच्याही, तर ते कडवे घेऊ नये. त्या जागी खालील मजकूर वाचावा. तो मी आज साक्षीदारांसमोर स्वतःच्या हाताने लिहिला आहे आणि तो खरा आहे.

तो येतो, भिंतीला टेकून बसतो.
मी वाचते. त्याला ऐकू येत नाही.
मी वही मिटेपर्यंत तो उठत नाही.
मग विचारतो, झालं का? वाढ.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला आहे, मोठ्याने, आणि साक्षीदारांनी तो शेवटपर्यंत ऐकला आहे. त्याखाली माझी सही.

(सही) द्रौपदी यादव भालेराव

आम्ही खाली सही करणारे साक्षीदार. द्रौपदीबाईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली, आणि आम्ही त्यांच्या व एकमेकांच्या समक्ष केली.

(सही) अब्दुल वाहिद मोमीन, सेवानिवृत्त शिक्षक, निजामपुरा, भिवंडी
(सही) बाळाराम पोशा तरे, व्यवसाय पिठाची गिरणी, निजामपुरा, भिवंडी

ठिकाण: भिवंडी
सोमवार, दिनांक १० नोव्हेंबर २०२५